गुडघ्यापर्यंत आजोबा

"अजून गुडघ्यापर्यंतच?" दाढीनं तिच्या पडद्याकडे मान वळवली. "या चालीनं तुझे आजोबा जाहिरात संपल्यावर उगवतील."

चिंगीनं लक्ष दिलं नाही. पडद्यावर एक आरामखुर्ची होती आणि खुर्चीत फक्त दोन पाय. पावलं, पोटऱ्या, गुडघे. त्यावर नुसती खुर्चीची पाठ.

चिंगी हे तिचं घरातलं नाव, ऑफिसातही तेच चिकटलं होतं. शेजारच्या टेबलावरचा, दाढीमुळेच सगळे ज्याला दाढी म्हणत तो, नवा होता, पण कामात तरबेज आणि बोलण्यात त्याहून. जाहिरात आरामखुर्च्यांची होती. रिकाम्या खुर्चीत हळूहळू आजोबा दिसू लागतात आणि शेवटी हसतात, एवढाच शॉट.

काही उगवायचं असलं की ऑफिसात सगळे एकच युक्ती करत. अख्खी वस्तू आधी तयार करायची, तिचे कण भुर्रकन उडवून द्यायचे आणि शॉट उलटा चालवायचा. उधळायला काय लागतं? गोळा करताना नाकीनऊ येतात. चिंगी मात्र गोळाच करत बसली होती. आजोबांना झाकणाऱ्या काळ्या थरावर ती बारीक ब्रशनं पांढरं लावत जाई. पांढरं लागेल तेवढे आजोबा दिसत, करडं राहील तिथे धूसर.

"सरळ उलटं कर आणि मोकळी हो," दाढी म्हणाला.

"त्यासाठी आधी पुसावं लागतं. माझा हात धजत नाही."

दाढीनं विषय बदलला. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत, एवढं तिनं त्याला सांगितलं होतं. "बाबा कसे आहेत?"

"पायांत जीव आलाय. काल गुडघे वाकवले."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांनी कधीच हात टेकले. आता घरीच करतोय आम्ही."

घरी आईनं दार जेमतेम उघडून तिला आत घेतलं. शेजारीण चौकशीला आली होती, तिला आईनं आजही उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. चिंगीनं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला पर्स अडकवली आणि पलंगापाशी बसली. बाबांनी पांघरूण डोक्यावरून ओढलं होतं. बाहेर फक्त पावलं होती. तिनं ती हातात घेतली. गार होती, पण अंगठा हलला.

"हात कधी?" आईनं हळूच विचारलं.

"या आठवड्यात."

"घाई करू नकोस. बोलणं नीट यायला हवं. तुला ठाऊक आहे, बोलल्याशिवाय त्यांना करमत नाही."

हात आले. मग छाती भरली, श्वास ऐकू येऊ लागला. एका संध्याकाळी पांघरुणाखालून खणखणीत आवाज आला, "चिंगे, चहा कुणी देणार आहे का?" आई हसली आणि हसता हसता तोंड फिरवून रडली. चिंगीला इतका आनंद झाला की तिला भीतीच वाटली. हे हातचं जाऊ नये, बाकी काही नको, असं तिनं मनात कितीदा म्हटलं असेल.

ऑफिसात आता फक्त डोळे उरले होते. तिनं ते सगळ्यात शेवटी ठेवले होते. तिच्या बाबांना ओळखणारे साहेब फेरी मारताना तिच्या मागे थांबले. पडद्यावरच्या ओळखीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. एरवी साहेब चुका काढल्याशिवाय हलत नसत.

दुपारी डोळे झाले. खुर्चीतले आजोबा हसले.

"जा आता घरी," दाढी म्हणाला. "फायनल मी काढून साहेबांना देतो. तुझं तोंड बघ केवढंसं झालंय."

चिंगी जवळजवळ पळतच निघाली.

बाबा खिडकीशी बसले होते. पांघरूण घडी करून ठेवलेलं. चहाचा घोट घेऊन त्यांनी आईकडे पाहिलं. "मी पडून होतो तेवढ्यात साखर महाग झाली का?"

"झाली," आई म्हणाली. "उठलात ना, आता आणा तुम्हीच."

चिंगी त्यांच्याकडे बघत राहिली. अख्खे होते, पायांपासून डोळ्यांपर्यंत. तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात फोन वाजला.

"रागावू नकोस," दाढी म्हणाला. "फायनल काढताना सवयीनं हात 'उलटं'वर गेला. साहेबांनी लावलं, तर आजोबा आधीच बसलेले, आणि मग डोळ्यांपासून पायांपर्यंत विरून गेले."

"सरळ कर," चिंगी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "आत्ताच्या आत्ता सरळ कर."

"करणारच होतो. पण खुर्चीवाल्यांना हेच आवडलं. म्हणाले, शेवटी रिकामी खुर्चीच दिसायला हवी, विकायची तीच आहे. साहेब म्हणाले, राहू दे, तिच्यासाठीही हेच बरं. असं का म्हणाले ते मला कळलं नाही. पण शॉट गेला, चिंगे. टीव्हीवर लागलासुद्धा असेल."

"चिंगे," मागून बाबांनी विचारलं, "दिवे गेले का गं?"

खिडकीतलं ऊन सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं.

आईनं त्यांच्या हातातला कप अलगद काढून घेतला. मग ती कपाटाशी गेली, कपड्यांच्या खालून एक चौकट काढली आणि काच पुसली. खिळ्यावरची पर्स उतरवून तिनं तिथे बाबांचा फोटो पुन्हा लावला. फोटोखाली त्यांची जन्मतारीख होती, आणि तिच्या शेजारी दोन वर्षांपूर्वीची दुसरी.