पान तीनवरून पान दोनवर

फाईल पहिल्या पानाच्या चौथ्या ओळीवर उघडली. ती खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाली. काल दुपारी तिने एकशे बाराव्या पानावर लिखाण थांबवलं होतं. आणि कालच तर सेटिंगमध्ये जाऊन टिचकी मारून ठेवली होती, की जिथे सोडलं तिथूनच उघडायचं. रोज पहिल्या पानापासून घरंगळत खाली यायचं आणि वाटेत तोच तो परिच्छेद पुन्हा नटवत बसायचं, यात तिचा हक्काचा तास वाया जात होता. सकाळभर लॅबमध्ये रक्तचाचण्यांचे रिपोर्ट टाइप केल्यावर कादंबरीसाठी तेवढा एकच तास उरायचा.

तिने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"सेटिंग बरोबर आहे, ताई," सगळं ऐकून तो म्हणाला. "शेवटी ज्याने फाईल बंद केली, त्याची जागा दिसते. घरात कुणीतरी वाचतंय तुमचं."

ही कादंबरी तिने कुणालाही दाखवली नव्हती. सहा वर्षं ती रखडली होती, आणि त्यात काही दम आहे की उगाच कागद काळे करणं चाललंय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. घरात संशयित तीन. सासऱ्यांना निधनवार्ता आणि शब्दकोडं यांपलीकडे काही वाचायचं नसे. सासूबाई शाळेची पायरीच चढल्या नव्हत्या. उरला नवरा. बसडेपोत मेकॅनिक, दुसरी पाळी, म्हणजे सकाळभर घरीच. तोच तो! विचारलं असतं तर त्याने कानांवर हात ठेवले असते, आणि वाचणं सोडलं असतं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी फाईल सातव्या ओळीवर उघडली. तिसऱ्या दिवशी बाराव्या. पहिलं पान संपायला आठवडा लागला. एका पानाला आठवडा! बसचं अख्खं इंजिन खोलून परत बसवायला या माणसाला दोन दिवस पुरतात. त्या शनिवारी तिने मनाशी ठरवून टाकलं. महिनाभरात वाचणारा दहाव्या पानावर पोचला नाही, तर कादंबरी पुसून टाकायची आणि दुपारी सरळ झोपायचं. तरी माणुसकी म्हणून ती एक करायची. आपलं लिहून झालं की त्याच्या ओळीवर परत जायची आणि तिथेच फाईल बंद करायची. बिचाऱ्याला शोधाशोध नको.

तिसऱ्या आठवड्यात फाईल पान दोनवर उघडली. आदल्या दिवशी ती पान तीनवर होती. पुढे सरकणं राहिलं बाजूला, गडी चक्क मागे गेला होता! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. महिना पुरा व्हायची वाट कशाला बघायची? तिने फाईल निवडली आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

मग तिच्या मनात आलं, की गडी मागे गेला असेल, पण आला होता. ती स्वतः घरी असायची ते रविवार सोडले, तर त्याने एक दिवस चुकवला नव्हता. कंटाळलेला माणूस असा रोज येत नाही. तिने बोट उचललं आणि त्या दुपारी चार पानं लिहिली.

महिनाअखेर तो अकराव्या पानावर होता. मग दिवसाला एक पान झालं, मग तीन. कादंबरीतली होडीवाली वादळात सापडते, त्या प्रकरणात तर बहाद्दराने एका सकाळीत चौदा पानं उडवली. लॅबमध्ये कुणाची साखर, कुणाचं हिमोग्लोबिन टाइप करताना ती गालातल्या गालात हसू लागली. आता तो मागून धावत येत होता, आणि त्याला उद्या पुरेल एवढं तरी लिहून ठेवणं भाग होतं. एका तासाचे दोन तास झाले. सहा वर्षांत जमलं नव्हतं ते चार महिन्यांत जमलं. दोनशे सहाव्या पानावर तिने 'समाप्त' लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी फाईल बरोबर त्या शब्दावर उघडली.

रविवारी सगळे घरात असताना तिने नवऱ्याला गाठलं.

"आवडली का रे?"

"काय?"

"सोंग करू नकोस. कादंबरी. अख्खी वाचलीस की!"

"मी?" नवरा खरोखरच गोंधळला. "अगं, मी दहापर्यंत अंथरुणातून उठत नाही."

मटार सोलणाऱ्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "होडीवालीला शेवटी घरी आणलंस, ते बरं केलंस. मला घोर लागला होता."

नवरा आईकडे बघतच राहिला. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांची छाती चांगली दोन इंच फुगली होती.

"पाच महिने शिकवतोय मी हिला," ते म्हणाले. "पुस्तकातली अक्षरं बारीक लागतात, म्हणून तुझ्या कॉम्प्युटरवर मोठी करून. सांगू नका म्हणाली, लाजत होती. आता तर मलाच म्हणते, सरका तिकडे, मधे मधे बोलू नका."

तिने धावत जाऊन सासूबाईंना मिठी मारली. मटार घरभर झाले. एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. तरी मनातला सल काही स्वस्थ बसू देईना.

"पण आई, खरं सांगा. सुरुवात इतकी रटाळ होती का हो? एका पानाला आठवडा, आणि तिसऱ्यावरून परत दुसऱ्यावर?"

"रटाळ कुठली, बाई!" सासूबाई म्हणाल्या. "जोडाक्षरं किती पेरून ठेवलीस तू तिथे!"