उलटे बूट

"थांब, शर्मिला! हात लावू नकोस त्याला!"

गॉर्डन एवढ्या जोरात ओरडला, की शर्मिलाच्या हातून केचपची बाटली पडता पडता राहिली. गॉर्डनच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ही बाटली उलटी उभी होती, म्हणून शर्मिलाने ती सवयीने सरळ केली होती. पाहते तर शेजारचा कॉफीचा डबा उलटा, ओट्सचा उलटा, पीनट बटरची बरणीसुद्धा डोक्यावर उभी.

"अमेरिकन माल आहे तो," गॉर्डन म्हणाला. "आमच्या कॅनडात लोक हल्ली दुकानातसुद्धा असाच उलटा करून ठेवतात. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, घ्यायचा नाही."

"आमच्याकडे उलटी चप्पल दिसली की आधी सरळ करतात. नाहीतर घरात भांडण होतं."

"भांडण झालंय," गॉर्डन म्हणाला.

ते तिला ठाऊक होतं. ती आली होती तीच मुळी त्यासाठी. कुवेतमधल्या फहाहीलच्या त्यांच्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं? अल्बर्टाचा गॉर्डन आणि टेक्सासचा डेल, दोघं ऐन तारुण्यात कुवेतला आले होते, आखाती युद्धानंतर जळत राहिलेल्या तेलविहिरी विझवायला. विहिरी विझल्या, पण ह्यांचं इथेच बस्तान बसलं. रोज सकाळची कॉफी एकत्र. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाच्या मालावर कर लादले, वर ते कॅनडाला आपलं एक्कावन्नावं राज्य म्हणायला लागले. दोन सरकारांचं बिनसलं, तरी ह्यांची कॉफी चालूच होती. पण डेलच्या जिभेला हाड नाही. एका सकाळी कप उंचावून तो म्हणाला, "काय मग, एक्कावन्नावं राज्य?" गॉर्डन कप तसाच टाकून उठला. तेव्हापासून दोघांत अक्षर नाही.

आणि उद्या डेल कायमचा टेक्सासला निघाला होता. आज संध्याकाळी त्याचं जेवण शर्मिलाकडे होतं.

"या ना, गॉर्डन. चुकलंच त्याचं. पण उद्या तो गेल्यावर भांडणार कोणाशी?"

"नाही," गॉर्डन म्हणाला आणि त्याने बाटली पुन्हा डोक्यावर उभी केली.

शर्मिलाला फार वाईट वाटलं. निघताना तिची नजर दाराजवळच्या फोटोवर गेली. तेलाने काळेकुट्ट झालेले दोन तरुण, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून हसणारे. त्यातला अमेरिकन मात्र सरळच उभा होता.

संध्याकाळी डेल लवकरच आला. घराच्या रिवाजाप्रमाणे त्याने आपले लाडके, गुडघ्याला टेकणारे टेक्सासी बूट दाराबाहेर नीट जोडीने ठेवले. गप्पा शर्मिलाच्या नवऱ्याशी, विजयशी चालल्या होत्या, डोळे दाराकडे होते. बटाटेवडे निवून गेले.

"अगं, वाढून घे आता," विजय हळूच म्हणाला. "तो हट्टी आहे."

शर्मिलाने ताटं उचलली, तेवढ्यात बाहेर काहीतरी धप्पकन वाजलं. बेल काही वाजली नाही. तिने दार उघडलं.

बाहेर गॉर्डन उभा होता. पायांत नुसते मोजे, एक हात भिंतीला, वाकल्यामुळे श्वास फुललेला. त्याचे स्वतःचे बूट सरळ होते. शेजारी डेलचे बूट तळवे छताकडे करून डोक्यावर उभे होते.

डेल तिच्या मागून दारात आला. त्याने बुटांकडे पाहिलं, मग गॉर्डनकडे.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "माफ कर."

"अमेरिकन माल!" गॉर्डन पुटपुटला. त्याने डेलला घट्ट मिठी मारली.

बूट सरळ करायला शर्मिलाचा हात सवयीने पुढे झाला. मग तिने तो मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दारातले उलटे बूट तसेच राहू दिले.