चित्रात काय दिसतं?

"अप्पा, या चित्रात काय दिसतं? नीट बघून सांगा हं."

डॉक्टर रंजिताबाईंनी कानडीत विचारलेला प्रश्न केतकीनं मराठीत केला. चाळीस वर्षं कारखान्यात फाडफाड बोललेली दामोदररावांची कानडी यंदा पुसून गेली होती. उरली ती घरातली मराठी. म्हणून मल्लेश्वरमच्या या दवाखान्यात बापाच्या स्मरणशक्तीची परीक्षा चालली होती आणि मधे लेक बसली होती. गुण कमी पडले तर त्यांना घरी एकटं ठेवायचं नाही, येलहंक्याच्या वृद्धाश्रमात न्यायचं, असं ठरलं होतं. केतकीच्या दोन खोल्यांत सासू-सासरे होते, तान्हं बाळ होतं.

चित्र जुन्या धाटणीचं होतं. पायरीवर तीन मुलं, मोठीच्या मांडीवर उघडं पुस्तक, तिघांची डोकी एकमेकांना चिकटलेली.

"जेवताहेत," अप्पा म्हणाले. "एकाच ताटात. मोठी पोर भरवतेय."

"पुस्तक वाचताहेत," केतकीनं कानडीत सांगितलं. "मोठी वाचून दाखवतेय."

"सरी, ठीक." डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली. "आणि हा धाकटा?"

केतकीनं विचारलं. अप्पा चित्रावर वाकले.

"याला काही कळत नाहीये," ते हळूच म्हणाले. "पण दाखवत नाही बिचारा. त्या दोघांची तोंडं बघून हसतोय. कळत नाही म्हटलं तर उठवतील ना तिथून."

केतकी डॉक्टरांकडे वळली.

"धाकटा लक्ष देऊन ऐकतोय," ती कानडीत म्हणाली.

आणखी एक खूण झाली. डॉक्टरांनी चित्र बाजूला ठेवलं.

"आता शेवटचं. आज तुमच्याबरोबर कोण आलंय?"

हेही केतकीलाच विचारावं लागलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि अदबीनं हसले.

"या बाई ना? इथल्याच असतील. दुभाष्याचं काम करतात. स्वभावानं चांगल्या आहेत हो."

डॉक्टर पेन धरून थांबल्या होत्या. केतकीनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. मग ते सगळं तिनं कानडीत सांगितलं, एकही शब्द न बदलता.

या वेळी खूण झाली नाही.

"झालं सांगून?" अप्पांनी विचारलं. "दमलात हो बाई, मघापासून बोलताय." आणि आपल्यासाठी ठेवलेला पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे सरकवला.