सहा बोटांचा अंक

"हा एक अंक ठेवा वहिनी, बाकीची खोकी परत न्या," भिंगवाला म्हणाला.

"परत न्यायला आणलेली नाहीत," ती म्हणाली. "अकरा खोकी, एकच सौदा. नाहीतर मी पलीकडच्या टेबलावर जाते."

कॉमिक्सच्या मेळाव्यात दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. अकरा खोकी घेऊन पलीकडच्या टेबलापर्यंत जायला तिला तासभर लागला असता. भिंगवाल्याने हा हिशेब मनात केला आणि तो निवांत झाला. जुन्या कॉमिक्सच्या धंद्यात त्याचा शब्द शेवटचा मानत. हातांत पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग. अंक असा उचलायचा, जणू तान्हं मूल मान सांभाळून घेतलंय.

समोरचा अंक होताही तसाच. मुखपृष्ठावर उडणाऱ्या नायकाच्या हाताला सहा बोटं होती. चित्रकाराची चूक. हजारभर प्रती छापून झाल्यावर कुणीतरी बोटं मोजली आणि पुढच्या छपाईत ती पाच केली. तेव्हापासून पाच बोटांचा अंक रद्दीत जातो आणि सहा बोटांच्या अंकासाठी शहाणीसुरती माणसं कर्ज काढतात.

"मिस्टरांचा संग्रह?" भिंगवाल्याने विचारलं.

"हो."

"मग ते स्वतः...?"

"ते गेले."

भिंगवाल्याने भिंग खाली ठेवलं. "अरेरे. कधी?"

"सोमवारी. सकाळी सकाळी."

"आजारी होते?"

"छे हो. चहा अर्धा टाकून गेले. मी आतून बाहेर येईपर्यंत आटोपलंच होतं."

"जाताना काही बोलले?"

"बोलले ना. म्हणाले, माझ्या खोक्यांना हात लावू नकोस."

भिंगवाल्याने खोक्यांकडे पाहिलं. "आणि तरी तुम्ही..."

"लावला. दोन्ही हात लावले."

त्याने लगेच भाव सांगितला. दुःख आणि धंदा यांत तो कधी गल्लत करत नसे. दोन्ही एकाच वेळी करत असे.

"वीस हजार देतो. या एका अंकाचे. कोपरा थोडा दुमडलाय, पिना गंजल्यात. कुणीतरी वाचलेला वाटतो."

"वाचलेला? आमच्या घरात कॉमिक्स वाचायला बंदी आहे, भाऊ. पिशवीतून काढलं की किंमत उतरते, असं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. साठ द्या. आणि सगळी खोकी उचला."

"साठ! वहिनी, तुमची परिस्थिती मी समजू शकतो..."

"माझ्या परिस्थितीला भिंग लावू नका, अंकाला लावा. सहा बोटं आहेत. एकेका बोटाचे दहा."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. भिंगवाला ओशाळला आणि पंचविसावर आला.

"बरं, ही अकरा खोकी घेऊन मी करू काय?" तो कुरकुरला. "नुसती अडगळ ती!"

"हेच मी अकरा वर्षं विचारत होते."

मग तिने खुर्ची ओढली आणि बसली. भिंगवाल्याला हे लक्षण ठीक वाटलं नाही.

"हे बघा भाऊ. घर माझ्या नावावर आहे. आतली खोली माझ्या कामाची. तिथे ही खोकी पंख्याखाली झोपतात आणि माझं शिलाई मशीन गॅलरीत उन्हातान्हात उभं असतं. उद्या सकाळी एक बाई मापं द्यायला येणार आहेत. लग्नघरचे सात पोशाख. त्यांना उभं कुठे करू, जिन्यात? एकदा मागे फिरल्या की दुसरा शिंपी गाठतील. तेव्हा आज ही खोकी माझ्या घरी परत जाणार नाहीत."

"तीस. आता हद्द झाली."

"ठीक आहे." तिने सहा बोटांचा अंक हातात घेतला आणि पिशवीची चिकटपट्टी नखाने उचलली. "विकला जात नाही तर निदान वाचून तरी बघते."

"वहिनी, मोजे! मोजे तरी घाला!"

"कशाला? मी बोटाला थुंकी लावून पानं उलटते. लहानपणापासूनची सवय आहे."

आजूबाजूच्या चार टेबलांवरचा सौदा थांबला. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. तिने अंगठा जिभेकडे नेला.

"साठ!" भिंगवाला ओरडला. "साठ देतो! खाली ठेवा!"

"आणि खोकी?"

"सगळी! सगळी माझी!"

तिने अंक खाली ठेवला, पैसे पर्समध्ये टाकले आणि पदर नीट केला. हरलेल्या माणसाला निदान प्रेक्षक तरी हवा असतो. भिंगवाल्याने तिला हातानेच थांबवलं आणि फोन लावला.

"दोन मिनिटं थांबा वहिनी, साठ कसे वसूल होतात ते बघून जा. माझं एक गिऱ्हाईक आहे, भाव विचारतच नाही." त्याने फोनचा आवाज मोठा केला. "साहेब, सहा बोटांचा आलाय! ऐंशीला देतो."

"माझ्याकडे एक आहे," फोनमधला आवाज म्हणाला. "पण दुसरा भलत्याच कुणाकडे गेला, तर माझ्या एकाला अर्थ काय राहिला? घेतला! आणखी काय आहे?"

"अकरा खोकी आहेत."

"तीही पाठवा! मी इकडे परगावच्या मेळाव्यात आहे, उद्या रात्री निघतोय. थेट घरी पाठवा. दारात बायको आली तर सांगा, बूट आहेत म्हणून. पत्ता घ्या."

भिंगवाल्याच्या एका हातात फोन, दुसऱ्यात अंक. त्याने डोळ्यांनीच पेन दाखवलं. "वहिनी, तेवढा पत्ता उतरवून घेता का?"

तिने पेन घेतलं, ठसठशीत अक्षरात तीन ओळी लिहिल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"अहो, पण त्यांनी अजून सांगितलाच कुठे?"

"हा माझ्या सासूबाईंच्या घरचा पत्ता आहे," ती म्हणाली. "साहेबांना सांगा, आजपासून तेही तिथेच राहतात."