गोळी लागू पडली

मालू लग्न होऊन मानपाड्याला आली आणि दोन वर्षांत फुगत गेली. दुपारी भांडी घासता घासता तिचे डोळे मिटायचे, भर मे महिन्यात ती चादर गुंडाळून बसायची, आणि सासूने काहीही ऐकवलं तरी घोगऱ्या आवाजात "हो आई" एवढंच म्हणायची. रखमाबाईंच्या मते हा निव्वळ कामचुकारपणा होता. तो डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घ्यायला त्यांनी स्वतः सुनेला नौपाड्यातल्या दवाखान्यात नेलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. टीएसएच खूप जास्त होतं.

"बघा, हिच्यात काही कमी नाही, उलट जास्तच आहे," रखमाबाई म्हणाल्या. "सगळी नाटकं."

"तसं नसतं, मावशी," डॉक्टर म्हणाले. "थायरॉइडची ग्रंथी सुस्तावली की तिला कामाला लावायला मेंदू हे टीएसएच वाढवतो. म्हणून आकडा जास्त. ग्रंथीचं काम मात्र कमी पडतंय." त्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली.

दिवाळीपर्यंत मालूची सूज उतरली, अंगात जीव आला, आवाज मोकळा झाला. चकल्या तळताना रखमाबाईंनी सवयीने तिच्या माहेरचा उद्धार केला. मालूने झारा खाली ठेवला आणि दोन वर्षांचं साठलेलं सगळं, शेजारीपाजारी दारात येतील अशा आवाजात, सासूला ऐकवलं.



दुसऱ्या दिवशी रखमाबाई एकट्याच दवाखान्यात गेल्या. "सून आता ठणठणीत आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "गोळी बंद केली तर चालेल ना?"