छपराखालची सावली

जरा इकडे सरकून बसा, एकुवाआजीची गोष्ट सांगते.

ताकोराडीच्या जुन्या विमानतळावर विमानं ठेवायची जी शेड होती, तेच आता आमचं प्रार्थनाघर. पाद्रीबाबांचं प्रवचन रंगलं की बायका मधूनच गाणं सुरू करतात. गाणं भरात आलं की पत्र्याच्या छपराखाली, फरशीवरून, एका विमानाची सावली सरकत जाते. आवाज नसतो. आम्ही गाता गाता पाय वर घेतो, इतकी सवय झालीय.

एकुवाआजी मात्र पाय खालीच ठेवायची. तिचा नवरा एबो इथूनच विमान घेऊन उडाला होता, तो परतलाच नाही.

"आजी, पाय घे वर," मी म्हणायची.

"तू घे गं. मला थांबवायचीय ती."

गेल्या रविवारी आजीनेच गाणं सुरू केलं. सावली आली आणि तिच्या पायांशी थांबली.

"एवढा उशीर?" आजी लाडानं रागावली. "जेवलास तरी का?"

मग सावली हलली आणि भिंतीपलीकडे गेली.

आजी बाकावरच होती, हसत, गात. दारातून आलेल्या उन्हात आमच्या सगळ्यांच्या सावल्या फरशीवर पडल्या होत्या. तिची नव्हती.

ती अजून माझ्या शेजारीच बसते. कुठवर पोचलीस, हे विचारायचा मला धीर होत नाही. तुमच्या प्रार्थनेत तिची आठवण ठेवा.