दहावा माणूस

"नऊच," एलियाह म्हणाला आणि त्याने प्रार्थनेचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "आता काही होत नाही, मिरियम."

पेणच्या सिनेगॉगात नऊ पुरुष बाकांवर बसले होते, बहुतेक साठी उलटलेले. मिरियम आणि एलियाहच्या पप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. वर्षाचा कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला एलियाह मुद्दाम इस्रायलहून आला होता. पण दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दिश म्हणता येत नाही, आणि सूर्य बुडाला की ज्यू पंचांगातला दिवसही बुडतो. ऊन खिडकीच्या खालच्या काचेपर्यंत उतरलं होतं.

"जिते गावात हासाजीकाका आहेत," मिरियम म्हणाली.

"मी सकाळीच फोन केला होता. नाही येववत म्हणाले."

"फोनवर सगळ्यांचेच गुडघे दुखतात. दारात गाडी उभी राहिली की माणूस पायात चपला घालतो."

हे पप्पांचं वाक्य. एलियाहने ते ओळखलं, पण तो हसला नाही. मिरियम तोवर पायऱ्या उतरली होती.

बाहेर पप्पांची जुनी फियाट उभी होती. ती भंगारात दे, असं एलियाहने वर्षापूर्वीच फोनवरून सांगितलं होतं. मिरियमने त्याऐवजी अठ्ठावन्नाव्या वर्षी रोह्यात ड्रायव्हिंग क्लास लावला. आज सकाळी रोह्याहून निघून नागोठणं, कासू करत तिने चौघांना पेणला आणून सोडलं होतं.

रामवाडीला कंटेनरची रांग लागली होती. साडीचा पदर कमरेला खोचून तिने गाडी रांगेच्या कडेकडेने काढली.

लहानपणी हाच रस्ता, हीच गाडी. सणावाराला, कुणाच्या वर्षदिनाला पप्पा गावोगावची माणसं गोळा करत पेणला यायचे. चौघांच्या जागेत सात जण. टोप्या, अत्तराचा वास, कुणाचा तरी कोपर बरगडीत. पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये मिरियम, तापलेलं रेक्झिन मांड्यांना चिकटलेलं. दर दाराशी पप्पा तिला उतरवत. "जा गो, हाक मार." पोरीच्या हाकेला कुणी नाही म्हणत नसे. दहा तिच्या हाकेने जमायचे, आणि मोजताना ती धरली जायची नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटून घ्यायला वेळ नव्हता.

जित्याला ओटीवर हासाजीकाका खाटेवर पडून होते. शेजारची जनी त्यांना पेज भरवत होती.

"सकालपासना उठलं नाय आजोबा," जनी म्हणाली. "कुठं नेतंस त्यांना?"

हासाजीकाकांनी मान वळवून आधी गाडीकडे पाहिलं, मग मिरियमकडे.

"तुझ्या बापाचा वर्षदिन. ठाव हाय मला. पण माझा काय उपयोग, गो? पाय चालत नाय. प्रार्थना सगळी विसरलो. आमेन कुठं म्हणायचं, ते पण आठवत नाय."

"दहाव्याने काही म्हणावं लागत नाही, काका. असावं लागतं."

म्हाताऱ्याने पेजेची वाटी हाताने बाजूला सारली.

"जने, माझी टोपी दे."

दोघींनी त्यांना काखेत हात घालून उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मिरियमने दार लोटलं, लागलं नाही. पुन्हा लोटलं. हासाजीकाकांनी आतून हात बाहेर काढला, दार किंचित वर उचललं आणि ओढलं. खट्कन बसलं.

"हे असं लावायचं," ते म्हणाले. जनी तोंडाला पदर लावून हसली.

परतताना सूर्य उजव्या हाताला होता. मिरियमने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. गाडी धापा टाकत होती, इंजिनाचा वास आत येत होता. हासाजीकाका डोळे मिटून दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते.

सिनेगॉगच्या दाराशी ती पोचली तेव्हा ऊन भिंतीवरून उठून फक्त कौलांवर उरलं होतं. एलियाह धावत आला. त्याने काकांना खाली उतरवायचा प्रयत्न केला, पण त्यांचे पाय जमिनीला टेकताच मुडपले आणि ते पुन्हा सीटवर बसले. समोर पायऱ्या होत्या.

"खुर्ची आणा कुणीतरी! उचलून नेऊ."

"तेवढा वेळ नाही," मिरियम म्हणाली. "ते आत नाही येऊ शकत. तुम्ही बाहेर या."

"रस्त्यावर?"

"पप्पांचा अर्धा जन्म रस्त्यावरच गेला, एलियाह. माणसं गोळा करायला. बोलाव सगळ्यांना."

एलियाहने वळून आत हाक मारली. आठ जण बाहेर आले आणि फियाटभोवती उभे राहिले. कुणी बॉनेटशी, कुणी डिकीशी. मागे एक रिक्षावाला हॉर्न देत होता. एलियाहने कद्दिश सुरू केला तसा हॉर्न थांबला.

मिरियम स्टेअरिंगमागेच बसून राहिली. दर आमेनला शेजारच्या सीटवरून एक आमेन उशिरा येत होता, सगळे म्हणून झाल्यावर, खरखरीत आणि मोठ्याने. दुसऱ्या वेळेपासून एलियाह त्याच्यासाठी थांबू लागला.

संपलं तेव्हा कौलंही विझली होती. माणसं हळूहळू आत गेली. एलियाह गाडीच्या टपावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"पुढल्या वर्षी मी नसणार, गो," हासाजीकाका म्हणाले. "मग दहावा कुठून आणशील?"

मिरियमने किल्ली फिरवली.

"मग ठाण्यापर्यंत जाईन."